संसदेत या, पण मुंबईत नको!

दोस्त, एक कोडं घालू?

एक माणूस आहे. जन्म मुंबईचा, शाळा मुंबईची, कॉलेजही मुंबईचंच. मोठेपणी तो लंडनमधून निवडणुकीला उभा राहिला, जिंकला आणि थेट ब्रिटिश संसदेत जाऊन बसला! तेव्हा भारतावर इंग्रजांचं राज्य होतं. म्हणजे जिथून आपल्यावर राज्य चालायचं, नेमक्या त्याच सभागृहात हा आपला माणूस उभा राहून मंत्र्यांना जाब विचारायचा. आणि मंत्र्यांना तो ऐकून घ्यावा लागायचा!

आता खरी गंमत ऐक. याच माणसाला सरकारनं एके दिवशी बजावलं, ‘तुम्ही भारतात पाऊल टाकायचं नाही!’

लंडनच्या संसदेत बसायला परवानगी, आणि जन्मगावी यायला बंदी! असं कधी ऐकलं होतंस?

कोण बरं हा माणूस? नाही आठवत? हरकत नाही, मोठ्या माणसांनाही पटकन आठवत नाही. यांचं नाव शापूरजी सकलातवाला. म्हण बघू एकदा मोठ्यानं. स-क-लात-वाला! जमलं की!

शापूरजींचा जन्म २८ मार्च १८७४ चा. घर पारशी. आईचं नाव जेरबाई. आणि या जेरबाईंचे भाऊ कोण होते, सांगू? जमशेटजी टाटा! हो, तेच टाटा. नागपूरला मोठी कापडगिरणी काढणारे, मुंबईत ताजमहाल हॉटेल बांधणारे. शापूरजींचे ते सख्खे मामा!

एवढ्या मोठ्या उद्योगपतीचा भाचा. मोठेपणी तो काय होईल? गिरणीचा मालक? बँकेचा मालक? कारखान्यांचा साहेब?

चूक! हा भाचा झाला कामगारांचा पुढारी. तोही मवाळ नाही, चांगला जहाल!

पण थांब. हे समजायला आधी त्या काळची एक विचित्र गोष्ट समजून घ्यायला हवी.

समज, तुझ्या शाळेचे सगळे नियम दूरच्या दुसऱ्याच एका शाळेत बसून ठरवतात. फी किती, सुट्टी कधी, शिक्षा काय, सगळं तिकडेच ठरतं. तुमच्या शाळेतल्या एकालाही विचारत नाहीत. मग तुमच्या वर्गातलं एक धीट पोर त्या दुसऱ्या शाळेत जातं. तिथल्या मुलांशी दोस्ती करतं, त्यांची मतं मिळवून त्यांच्या वर्गाचं मॉनिटर होतं. आणि त्यांच्याच सभेत उठून म्हणतं, ‘आमच्या शाळेचे नियम आमचे आम्हीच ठरवणार!’

शापूरजींनी अगदी हेच केलं!

अर्थात, हे एकदम झालं नाही. त्याआधी दोन फार भारी प्रकरणं घडली. एक रोगाचं आणि एक लोखंडाचं.

१८९६ साल. मुंबईत मांडवी भागात माणसं पटापट आजारी पडू लागली. खूप ताप यायचा, काखेत आणि जांघेत गाठी यायच्या, आणि थोड्याच दिवसांत माणूस दगावायचा. डॉ. अकासियो व्हिएगस नावाच्या एका गोव्याच्या डॉक्टरांनी तो रोग ओळखला. तो होता प्लेग! लोक घाबरले. घरंदारं सोडून गावाकडे पळू लागले.

तेव्हा शापूरजी २२ वर्षांचे होते. ते पळाले का? छे! उलट प्लेगच्या कामात जाऊन मदत करू लागले. तिथंच त्यांची गाठ पडली वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञांशी. हाफकिन मूळचे ओडेसा शहरातले. प्लेगवर लस शोधायला ते मुंबईत आले होते. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक लहानशी जागा मिळाली होती. तीच त्यांची प्रयोगशाळा!

आणि लस करायला त्यांनी काय वापरलं असेल, ओळख पाहू! तुमच्या स्वयंपाकघरातली एक गोष्ट.

साजूक तूप!

अगदी खरं! लस करायची तर आधी प्लेगचे जंतू खूप वाढवायला हवेत. हाफकिननी काचेच्या चंबूत मांसाचं पातळ सूप घेतलं, कारण सूप म्हणजे जंतूंचं जेवण. त्यावर तुपाचे थेंब सोडले. तूप तरंगलं. त्या थेंबांच्या खालच्या बाजूला जंतू वाढू लागले, आणि वाढता वाढता त्यांची पांढरट झालर सुपात खाली लोंबू लागली! चंबू अजिबात हलवायचा नाही बरं का, नाहीतर झालर तुटते. पुरेशी वाढली की मग मुद्दामच हलवायचा. जुनी झालर तळाशी बसते आणि तुपाखाली नवी वाढायला लागते. असं पुन्हा पुन्हा करायचं.

शेवटी ते सगळं चांगलं गरम करायचं, म्हणजे जंतू मरतात. मेलेले जंतू माणसाला प्लेग देऊ शकत नाहीत. पण आपलं शरीर त्यांना पाहून ठेवतं, आणि खरे जंतू आले की लढायला तयार असतं. लस काम करते ती अशी!

लस तयार झाली. पण पहिल्यांदा टोचायची कुणाला? १० जानेवारी १८९७ ला हाफकिननी ती स्वतःलाच टोचून घेतली! ताप आला, अंग दुखलं, पण ते धडधाकट राहिले. मुंबईत परळला हाफकिन इन्स्टिट्यूट आहे ना, ती यांच्याच नावाची.

आता विचार कर. श्रीमंत घरातला एक तरुण. प्लेगमुळे तो पहिल्यांदाच शहरातल्या सगळ्यात गरीब वस्त्यांच्या इतका जवळ गेला. अंधाऱ्या खोल्या, एकेका खोलीत दाटीवाटीनं राहणारी माणसं, सांडपाणी, उंदीर. या चाळींमध्ये राहायचं कोण? गिरणीत दिवसभर राबणारे कामगार! कापड त्यांनी विणायचं, पैसा गिरण्यांनी कमवायचा, आणि प्लेग आला की सगळ्यात जास्त मरायचं कुणी? त्यांनीच. पुढच्या आयुष्यात शापूरजी ज्या गोष्टीसाठी भांडले, तिचं मूळ मला तर या चाळींमध्येच दिसतं.

आता लोखंडाची गोष्ट. ही तर जंगलातली आहे!

जमशेटजी मामांचं एक मोठं स्वप्न होतं. भारतात पोलाद बनवायचं! पोलादाला काय काय लागतं? लोखंडाचे दगड, कोळसा, चुनखडी आणि भरपूर पाणी. आणि हे सगळं एकमेकांपासून फार लांब असून चालत नाही. मग शोधा! अमेरिकेहून वेल्ड नावाचे भूगर्भतज्ज्ञ आले. जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी निघाले. आणि सोबत दोराबजींचे आतेभाऊ, म्हणजे आपले शापूरजी!

कुठं गेले असतील? चांदा जिल्ह्यात. म्हणजे आजचं आपलं चंद्रपूर! रस्ते नव्हतेच. बैलगाडीतून खडखडत जायचं. वर रणरणतं ऊन, भोवती वाघांचं जंगल. लोहारा नावाच्या गावाजवळ त्यांना लोखंडाची टेकडी सापडलीसुद्धा! नाव लोहारा आणि सापडलं लोखंड!

पण हाय रे! दगड चांगला होता, पण मोठ्या कारखान्याला पुरेल एवढा नव्हता. जवळचा कोळसाही पोलादाच्या कामाचा नव्हता. सगळी मेहनत पाण्यात.

मग नागपुरात एक गंमत घडली. दोराबजी एका साहेबांना भेटायला गेले होते. साहेब जागेवर नव्हते. वाट बघायचा कंटाळा आला म्हणून दोराबजी समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथं भिंतीवर एक रंगीत नकाशा! आणि त्यात दुर्ग जिल्ह्यात लोखंडाच्या खुणा ठळक दाखवलेल्या!

टाटांची मंडळी तिकडे धावली. दल्ली-राजहरा नावाच्या टेकडीवर चढली. आणि काय आश्चर्य! पाऊल टाकलं की जमीन वाजायची! ठण्ण, ठण्ण! पायाखाली जणू लोखंडच होतं. आज भिलाईच्या मोठ्या पोलाद कारखान्याला याच भागातलं लोखंड मिळतं. टाटांना मात्र पुढे आणखी पूर्वेला, मयूरभंजात, सगळ्यात सोयीची खाण मिळाली. तिच्या भरवशावर साकची गावात कारखाना उभा राहिला, १९१२ मध्ये तिथं पोलाद निघालं, आणि त्या गावाचं नाव पुढे झालं जमशेदपूर!

शापूरजी कारखाना उभा राहायची वाट बघत थांबले नाहीत. जंगलात हिंडून त्यांची तब्येत पार बिघडली होती. जमशेटजी मामा तर १९०४ मध्येच वारले होते. १९०५ मध्ये शापूरजी बोटीत बसले आणि इंग्लंडला गेले. काम टाटांचंच, पण तिकडच्या कचेरीत.

तब्येत सुधारावी म्हणून ते मॅटलॉक नावाच्या डोंगराळ गावी राहिले. तिथं पाण्याचे उपचार देणारं मोठं आरोग्यधाम होतं. जेवणघरात वाढायचं काम एक इंग्रज मुलगी करायची, सारा मार्श. शापूरजींना ती फार आवडली. तिलाही ते आवडले. १९०७ मध्ये दोघांनी लग्न केलं! उद्योगपतींच्या घरातला मुलगा आणि कष्टकरी घरातली मुलगी. त्या काळात ही केवढी धीट गोष्ट होती!

आणि इंग्लंडमध्ये शापूरजींना एक भलताच शोध लागला.

त्यांना वाटत होतं, ज्या देशाचं जगभर राज्य आहे, तिथली सगळी माणसं सुखात असणार. पण तिथंही कोंदट वस्त्या! तिथंही कोळशाच्या खाणीत काळवंडलेले मजूर! तिथंही दिवसभर गिरणीत उभं राहून थकलेल्या बायका! म्हणजे गरीब फक्त भारतात नव्हते. राज्य करणाऱ्यांच्या देशातही होते!

शापूरजी कामगारांच्या पक्षात गेले. पुढे १९२१ मध्ये कम्युनिस्ट पक्षात. कम्युनिस्ट म्हणजे काय? त्यांचं म्हणणं असं, की कारखाने आणि जमीन थोड्या मालकांची नको, सगळ्यांची मिळून हवी. हे पटणारे लोक जगात होते आणि अजिबात न पटणारेही होते. शापूरजींना मात्र ते मनापासून पटलं.

आणि नोकरी? ती टाटांकडेच होती की! सकाळी टाटांच्या कचेरीत काम, संध्याकाळी मालकांच्या विरुद्ध भाषण! अशी कितीतरी वर्षं गेली. शेवटी १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. आपल्यामुळे घरच्या कंपनीची अडचण नको आणि आपल्या बोलण्यालाही आडकाठी नको.

आता त्यांचा सगळ्यात हुशार मुद्दा सांगते. जरा नीट ऐक, मजा येईल.

स्कॉटलंडमध्ये डंडी नावाचं एक शहर आहे. तिथले कामगार ताग विणायचे. ताग म्हणजे ज्याची गोणपाटं होतात ना, तो. धान्याची पोती, बटाट्याची पोती, सगळी त्याची. पुढे तागाच्या गिरण्या कोलकात्याला, हुगळी नदीच्या काठी उभ्या राहिल्या. गोणपाट तेच! पण कोलकात्यातल्या मजुराला पगार अगदी किडुकमिडुक द्यायचे. मग तिथलं गोणपाट स्वस्त पडायचं. मग डंडीचं गोणपाट घेणार कोण? डंडीच्या गिरण्यांना कुलपं लागायची, आणि तिथली माणसं बेकार!

डंडीच्या कामगारानं मग कुणावर चिडायचं? कोलकात्याच्या कामगारावर?

शापूरजी म्हणायचे, मुळीच नाही! कोलकात्याच्या कामगाराचा पगार वाढवायला मदत करा. त्याला चांगला पगार मिळाला की त्याचं पोट भरेल आणि तुमची नोकरीही वाचेल. त्याला गुलामीत ठेवाल तर उद्या तुमच्याही ताटातलं जाईल!

किती सोपं आहे ना? पण तेव्हा हे फारसं कुणी बोलत नव्हतं. इंग्रज कामगाराला वाटायचं, भारताचा प्रश्न आपला नाही. शापूरजी गावोगाव फिरून, सभा घेऊन, घसा बसेपर्यंत सांगायचे की तो तुमचाच प्रश्न आहे. मला त्यांचा हा मुद्दा सगळ्यात आवडतो. यात नुसती दया नाही, पक्का हिशोब आहे!

आणि लोकांना तो पटू लागला. लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण काठावर बॅटरसी नावाचा भाग आहे. तेव्हा तिथं रेल्वेची यार्डं होती, गॅसचे कारखाने होते, मेणबत्त्यांचा मोठा कारखाना होता. वस्ती सगळी कामगारांची. १९२२ मध्ये तिथल्या लोकांनी शापूरजींना निवडणुकीला उभं केलं.

त्यांच्या प्रचाराची सूत्रं कुणाच्या हातात होती, माहीत आहे? जॉन आर्चर नावाच्या कृष्णवर्णीय माणसाच्या! आर्चर यांचे वडील बार्बाडोस बेटावरचे, आई आयरिश, धंदा फोटोग्राफीचा. १९१३ मध्ये याच बॅटरसीचे ते महापौर झाले होते. उमेदवार मुंबईचा पारशी, प्रचारप्रमुख बार्बाडोसच्या खलाशाचा मुलगा, आणि मतं देणार लंडनचे मजूर! शंभर वर्षांपूर्वी!

आणि शापूरजी जिंकले!

ब्रिटिश संसदेत निवडून गेलेले ते तिसरे भारतीय. पहिले दादाभाई नौरोजी, १८९२ मध्ये. तेही कसे? हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच मतांनी! दुसरे मंचरजी भावनगरी, १८९५ मध्ये. आणि गंमत म्हणजे तिघेही पारशी, तिघांचंही मुंबईशी नातं, आणि तिघांचे पक्ष मात्र वेगवेगळे!

पण निवडणूक म्हणजे काही कायमची बक्षिसी नाही. पुढच्याच वर्षी, १९२३ मध्ये, पुन्हा निवडणूक झाली आणि शापूरजी हरले. कितीनं? फक्त १८६ मतांनी! १९२४ मध्ये तिसऱ्यांदा निवडणूक. या वेळी शापूरजींनी सरळ सांगितलं, मी कम्युनिस्ट म्हणून उभा राहणार. लोक म्हणाले, आता तर पडणारच! आणि ते पाचशेहून थोड्या जास्त मतांनी जिंकले! तीन वर्षांत तीन निवडणुका. केवढी धाकधूक!

आता तुला संसदेच्या आत नेते. चल.

ब्रिटिश संसदेच्या मुख्य सभागृहाला ‘हाउस ऑफ कॉमन्स’ म्हणतात. तेव्हा तिथं ६१५ सभासद असायचे. आणि खरं नाही वाटणार, पण त्या सगळ्यांना बसायला पुरतील एवढे बाक तिथं नाहीतच! गर्दी झाली की बाकीचे उभे. मोठं मतदान करायचं तर हातसुद्धा वर करायचे नाहीत. सभागृहाच्या दोन बाजूंना दोन लांब खोल्या असतात. ‘हो’ म्हणणाऱ्यांनी एका खोलीतून जायचं, ‘नाही’ म्हणणाऱ्यांनी दुसरीतून. बाहेर पडताना एकेकाला मोजतात. म्हणजे तिथं मत पायांनी द्यायचं! आणि कोण कुठल्या खोलीत शिरलं, हे सगळ्यांना दिसतं. लपायला जागाच नाही.

अशा ६१५ जणांत कम्युनिस्ट किती? एक! समोर सरकारी पक्षाचे ४१२ जण. आणि हे एकटे. तरी उठायचे, बोलायचे. भारतातल्या गिरण्यांमधल्या मजुरीबद्दल, तिथल्या खाणींबद्दल, खटला न चालवता तुरुंगात टाकलेल्या लोकांबद्दल. आणि पुन्हा पुन्हा एकच मागणी. भारताला स्वातंत्र्य द्या!

हा माणूस सरकारला फार काळ कसा पचेल?

१९२६ चा मे महिना. कोळशाच्या खाणमालकांनी मजुरांना सांगितलं, पगार कमी घ्या आणि काम जास्त करा. मजूर भडकले. देशभर संप होणार, अशी चिन्हं दिसू लागली. १ मे या कामगारदिनी लंडनच्या हाइड पार्कमध्ये शापूरजींचं भाषण झालं. ते सैनिकांना उद्देशून बोलले. कामगार तुमचेच भाऊ आहेत, त्यांच्यावर गोळ्या झाडू नका!

झालं! ४ मे ला पोलिसांनी त्यांना अटक केली. न्यायालय म्हणालं, नीट वागायची हमी द्या, म्हणजे सोडतो. नाहीतर दोन महिने तुरुंग. नुसती एक सही, आणि घरी! शापूरजींनी काय निवडलं असेल?

तुरुंग! खासदार महाशय दोन महिने वर्मवुड स्क्रब्ज नावाच्या तुरुंगात राहिले, बाहेर आले, आणि पुन्हा संसदेत जाऊन बसले.

त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेनंही त्यांना दार लावून घेतलं होतं. वॉशिंग्टनला जगभरच्या खासदारांची परिषद होती. ब्रिटनच्या प्रतिनिधींत शापूरजींचं नाव होतं. पण अमेरिकेनं त्यांचा परवाना रद्द केला. कारण काय, तर यांची भाषणं!

मग आलं १९२७ साल. जानेवारीत शापूरजींची बोट मुंबईला लागली. कितीतरी वर्षांनी आपल्या गावात! मुंबई, कोलकाता, मद्रास, जिथं जातील तिथं गर्दी. सभांवर सभा.

गांधीजींशी तर त्यांची जोरदार जुंपली! भांडण नव्हे हं, वाद. शापूरजींनी त्यांना जाहीर पत्र लिहिलं. तुमचा चरखा गरिबी हटवायला पुरणार नाही, शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या संघटना बांधा, लोकांना तुमच्या पाया पडू देऊ नका! थेट गांधीजींना असं सांगायचं म्हणजे बघ! आणि गांधीजी? रागावले नाहीत. त्यांनी आपल्या ‘यंग इंडिया’ साप्ताहिकात त्या पत्राला उत्तर छापलं. यांची कळकळ खरी आहे, गरिबांवरचं प्रेम खरं आहे, हे मोकळेपणानं मान्य केलं. पण मार्ग मला पटत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितलं. एकमेकांचं पटलं नाही, पण कुणी कुणाला हिणवलं नाही!

शापूरजी लंडनला परतले. आणि त्याच वर्षी सरकारनं त्यांच्या पासपोर्टावरून भारत काढून टाकला. पुन्हा तिकडे जायचं नाही! तेव्हा ते खासदार होते बरं का! १९२९ मध्ये मजूर पक्षाचं सरकार आलं. वाटलं, आता बंदी उठेल. उठली नाही. शापूरजींना मुंबई पुन्हा कधीच दिसली नाही. याचा मला अजून राग येतो.

आणि ऐक, १९२७ मध्येच आणखी एक अजब गोष्ट घडली. भारताचा कारभार कसा असावा हे ठरवायला सरकारनं एक मंडळ नेमलं. सायमन कमिशन! सात जण, सातही ब्रिटिश. भारतीय एकही नाही! सरकारचं म्हणणं, मंडळात संसदेचे सभासदच घेणार. अरे, पण संसदेत भारतीय होता की! शापूरजी तिथंच, त्याच सभागृहात बसलेले होते! त्यांनी उठून कमिशनला कडाडून विरोध केला. ३ फेब्रुवारी १९२८ ला ते कमिशन मुंबईच्या धक्क्यावर उतरलं, तेव्हा काळे झेंडे घेऊन लोक उभेच होते. ‘सायमन, परत जा!’

शापूरजी स्वतःच्या पक्षालाही घाबरायचे नाहीत. त्यांना पाच मुलं होती. १९२७ मध्येच त्यांनी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये पाचही मुलांची नवजोत एकदम केली! नवजोत म्हणजे पारशी मुलांना सदरा आणि कुस्ती देऊन धर्मात घेण्याचा सोहळा. कम्युनिस्ट पक्ष धर्म मानत नाही. पक्षानं त्यांना जाहीर बोल लावले. शापूरजींनी ऐकून घेतले. पण नवजोत केली ती केली!

१९२९ ची निवडणूक ते हरले आणि संसद सुटली. भाषणं मात्र सुटली नाहीत. तब्येत साथ देईना, तरी गावोगाव फिरणं चालूच. १६ जानेवारी १९३६ ला लंडनमध्ये ते वारले. इंग्लंडमध्येच ब्रुकवुड नावाच्या ठिकाणी पारशी लोकांची जुनी दफनभूमी आहे. तिथं त्यांच्या अस्थी ठेवल्या. जवळच समाधी कुणाची? जमशेटजी मामांची! आणि बैलगाडीतून सोबत हिंडलेल्या दोराबजींचीही.

पण त्यांचं नाव एवढ्यावर थांबलं नाही!

त्याच वर्षी स्पेनमध्ये फ्रँको नावाच्या सेनापतीनं लोकांनी निवडलेल्या सरकारविरुद्ध बंड केलं. सरकारच्या मदतीला देशोदेशींचे लोक आपणहून धावले. ब्रिटनमधूनही शेकडो निघाले. त्यात पुष्कळसे साधे कामगार. त्यांची एक पलटण तयार झाली. आणि तिला नाव कुणाचं दिलं असेल?

सकलातवाला बटालियन!

पुढे सगळे तिला नुसतं ‘ब्रिटिश बटालियन’ म्हणू लागले. पण ठरवलेलं नाव होतं आपल्या मुंबईकराचंच. फेब्रुवारी १९३७ मध्ये ही पलटण पहिल्यांदा लढाईत उतरली, ती माद्रिद शहर वाचवायला. आणि माद्रिदला जाणारा रस्ता शत्रूच्या हाती पडला नाही!